आमच्या बाजूचे काळे गोल

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी कागदाच्या तळाशी एक गोल काढला आणि म्हणाल्या, "ही तुमची नात." गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. मग त्या गोलापासून दोन रेघा वर गेल्या. एक आमच्या घराकडे, एक माझ्या इहिणीच्या घराकडे. विहिणीला आमच्याकडे इहीणच म्हणतात, आणि ती माझ्या बाजूच्याच खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसली होती. तिच्या पलीकडे जावई. नात बाहेर बाकावर. तिला मुद्दाम बाहेर बसवलं होतं.

"हे तर वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या वहीसारखं झालं," मी म्हटलं.

त्या हसल्या. "तसंच आहे, आजी. ज्याला असा त्रास असेल त्याचा गोल मी काळा करणार. दोन्ही घरांचं सांगा. लाजू नका."

आता हा त्रास कोणता, ते सांगते. माझी नात नववीत. शाळा सकाळी सातची. वर्गात बाईंचं एक वाक्य ऐकते नि दुसऱ्याला कुठं निघून जाते ते तिचं तिलाच कळत नाही. गणित अर्धं, निबंध अर्धा, पाण्याची बाटली तर दर आठवड्याला हरवते. आणि झोप? दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, पाय वळवळतात, आणि सकाळी उठवायला गेलं की दगड. दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकलेलं. शेवटी बाईंनी वहीत लिहून पाठवलं की डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, विचारलं, आणि सांगितलं की लक्ष न लागणं आणि झोपेची घडी बिघडलेली असणं, हे दोन आजार पुष्कळ घरांत सोबत दिसतात. मग आईच्या घरची माहिती हवी म्हणाल्या.

म्हणून जावयाचा फोन आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"आई, तुमाले याव लागते. पन तिले आनू नका."

तिला म्हणजे माझ्या लेकीला. ती नऊ वर्षांपासून माझ्याजवळ अमरावतीला आहे. पोरगी बापाकडे ठेवून घेतली त्यांनी, लेक परत पाठवली. काय केलं होतं तिनं? दूध उतू जायचं. गॅस चालू राहायचा. उठायला नऊ वाजायचे. एकदा पोरीच्या डब्यात नुसत्या पोळ्या गेल्या, भाजी ओट्यावरच. अशा गोष्टी सांगायला बसलं तर हसू येते, पण घरात रोज घडल्या की कोणी हसत नाही. मला कुठं हसू आलं होतं? ती लहान असताना वेणी धरून मोरीवर नेऊन तोंडावर पाणी मारायची मी. "धांदरट, आयशी," काय काय म्हणायची. दिवा लावल्यापासून गणिताला बसायची ती, झोपायच्या वेळेपर्यंत दोन गणितं. मला वाटायचं, अंगात आळस मुरला आहे.

आणि मी स्वतः? मीही तशीच की. चौथीच्या पुढं शाळेत मन लागलं नाही, जे वाचायला शिकले ते नंतर, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. अजूनही जुन्या लुगड्याची पट्टी पोटऱ्यांना कसून बांधल्याशिवाय मला झोप लागत नाही. माझे बाबा मध्यरात्री वावरात चकरा मारायचे. गावातले म्हणायचे, राखणीले लय पक्का माणूस. कोणाला काय माहीत, तो राखण करत नव्हता, त्याला पडवत नव्हतं. आमच्यात ह्याला आजार म्हणत नव्हते. सवय म्हणत होते.

तर त्या दिवशी पहाटे लेक मला बसस्टँडवर सोडायला आली. पहाटे उठली होती की झोपलीच नव्हती, देव जाणे. खिडकीजवळ उभी राहून म्हणाली, "माय, माह्यं सारं सांगजो. लपवू नको."

"लोकायसमोर?"

"लोकायचं काय करून राहिली तू? माह्यं जे व्हायचं ते झालं. तिले तरी सुटू दे."

मूर्तिजापूर येईपर्यंत मी तेच घोकत होते. सारं सांगायचं.

दवाखान्यात आधी इहिणीला विचारलं. आमच्या लोकांची एक खोड आहे. घराण्याबद्दल कोणी काही विचारलं की आपण सोयरिकीच्या बैठकीत बसल्यासारखे उत्तर देतो. पोरगी पाहायला आलेले विचारतात, कोणाला काही आहे काय? त्याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच. नाही. मीही लेकीच्या वेळी हेच म्हटलं होतं, वर "झोप कमी, काम जास्त" असं तिचं कौतुकही केलं होतं. तर इहीण डॉक्टरसमोर ताठ बसून म्हणाली, "आमच्यात कोनालेच नाई. आमचं घरानं एकदम साफ हाय, मॅडम."

जावयाचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. टेबलावरची काच बारीक आवाज करत होती. डॉक्टरीणबाईंनी एकदा खाली पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम्हाला लहानपणी? अभ्यासात? झोपेत?"

"त्याले काय होते? बी.कॉम. झाला तो," इहीणच बोलली. आमचे इवाई, म्हणजे जावयाचे वडील, देव त्यांना सुखी ठेवो, ताटावरून चारदा उठायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ते मी कशी सांगू? त्यांची बाजू पांढरी राहिली.

मग माझी पाळी. मी सांगितलं. बाबांचं, माझं, लेकीचं. वेणी धरून नेल्याचंसुद्धा. बोलता बोलता मला वाटलं, छातीवरचं काही उतरते आहे. डॉक्टरीणबाईंनी एक चौकोन काळा केला, दोन गोल काळे केले, आणि पेन ठेवून मला समजावलं. असं एकच एक कारण नसतं, म्हणाल्या. खूप बारीक बारीक जनुकं असतात, थोडी आईकडून, थोडी बापाकडून. त्यांतली काही लक्षाशीही जोडलेली आणि झोपेशीही, असं दिसतं. घरात आहे म्हणजे पोरीला होणारच होतं असं नाही, आणि झालं म्हणून ती वाया गेली असं तर मुळीच नाही. रक्तातलं लोह तपासा, कमी असेल तर पाय त्यानंही वळवळतात. झोपायची वेळ ठरवा, फोन दूर ठेवा, सकाळी उन्हात उभी करा. दुपारच्या पाळीत घालता आली तर बघा, मी शाळेला पत्र देते. मग औषधाचं ठरवू.

जावयानं त्या कागदाचा मोबाइलमध्ये फोटो काढला. मला वाटलं, औषधाच्या कामासाठी असेल.

बाहेर चहाच्या टपरीजवळ इहीण थांबली. "म्हंजे तुमाले मालूम होतं, इहीनबाई. पोट्टी देताना मालूम होतं."

"आजार हाय हे कोनाले मालूम होतं?"

"झोपीचं तं मालूम होतं नं?"

मी चहा तसाच धरून उभी राहिले.

"आनं रक्तातच हाय म्हन्ते तं औषध-गोयीनं काय होईन?" ती जावयाला म्हणाली. "रक्त बदलवता येते काय?"

"इहीनबाई, मॅडमनं तसं नाई म्हटलं. उपाय हाय म्हटलं त्यायनं."

"डॉक्टर तं म्हनतेच. त्यायचं दुकान हाय."

मी पुन्हा सांगितलं. उन्हाचं, लोहाचं, दुपारच्या पाळीचं. जावई मान हलवत होता, पण गाडीची किल्ली काढून. पोरगी मागच्या सीटवर बसली नि तिनं मला काचेतून हात केला. तिला काही कोणी सांगितलं नव्हतं.

काळ्या गोलांचा तो फोटो आठ दिवसांत त्यांच्या अकोटच्या नातेवाइकांपर्यंत पोचला. लोहाच्या गोळ्या एक महिना चालल्या. मी दर रविवारी फोन करून विचारायची, आधी "चालू हाय" म्हणत, मग "पाहू" म्हणत. शाळेचं पत्र कपाटावरच राहिलं. दुपारी कोण सोडेल, कोण आणेल, म्हणे. मी एकटीच परत त्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी बसवलं, पाणी दिलं. "आजी, पालक आणत नाहीत तोवर मला काही करता येत नाही. तुम्ही योग्यच सांगितलं होतं," म्हणाल्या. बसमध्ये मी विचार करत होते की योग्य सांगितलं नसतं, तर निदान गोळ्या तरी सुरू राहिल्या असत्या काय. घरी लेकीला सांगितलं. तिनं ऐकलं नि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दिवाळीनंतर एकदा गेले नातीला भेटायला. मंगळवार होता, सकाळचे अकरा. इहीण देवळात गेली होती. नातीनंच दार उघडलं, रात्रीच्या कपड्यांत, डोळे सुजलेले.

"शाळा नाई आज?"

"जाते कधी कधी."

"रागवत नाईत घरचे?"

"नाई आजी. आता कोनीच रागवत नाई." ती हसली, बक्षीस मिळाल्यासारखी. "कोनी बोललं की इथली आज्जीच म्हन्ते, तिचं रक्तच तसं हाय, तिले काहून बोलता."

"आनं सकाळी?"

"उठवतच नाई कोनी. झोपू देतात."

मी तिचा हात हातात घेतला. माझ्या लेकीला मी मारून उठवत होते, शिव्या देऊन उठवत होते, पण उठवत तर होते. ही उठेल, असं कोणाला तरी वाटत होतं.

मग तिनं विचारलं, "आजी, आईले पन असंच झोपू देते का तू?"

"देते," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. त्या सकाळीही मी तिला न उठवताच निघाले होते.