तुसाचं पोतं आणि डावा हुक

भाताच्या गिरणीवरून जाताना तुसाचा वास आला की माझी डावी टाच आपोआप उचलते. मी शिकत होते तेव्हा बॉक्सिंगच्या सरांनी बजावलं होतं, डाव्या हुकात जोर आला नाही तर रविवारी रिंगमध्ये उतरवणार नाही. म्हणून वडिलांनी कोळवणच्या आमच्या गोठ्यात जुन्या पोत्यात तूस भरून ते टांगलं. मी नुसता हात फिरवायचे, पोतं ढिम्म हलायचं नाही. पोत्याला मागून मिठी मारून उभे असलेले वडील ओरडले, “चिखलात भाताच्या लावणीला हुबी हायेस व्हय? पाय रोवू नको! टाच फिरव, कंबर आपसूक येतीया!” मी टाच फिरवली आणि हाणला. पोतं टरकन फाटलं, तुसानं माखलेले वडील मागं शेणात बसले आणि हसत म्हणाले, “तुझी आय यायच्या आत अजून एक हाण!” आता माझ्याकडे शिकणाऱ्या पोरींसाठी मी चामड्याची बॅग धरते, आणि एकीनं तरी मला असंच खाली बसवावं म्हणून वाट बघते.