देवघरातलं मोरपीस आणि तीन माश्या

आई पुण्याहून सिंगापूरला, वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली तेव्हा तिच्या देवांबरोबर एक मोरपीस आलं. बाबा रोज सकाळी त्याने देवांवरची धूळ झटकायचे. देठाला त्यांनीच लाल दोरा गुंडाळला होता. बाबा गेल्यावर ते काम आईने घेतलं. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डावा आधीच अधू. देव तिला हाताच्या सवयीनेच सापडायचे.

त्याच वर्षी मला टेंकाराचं वेड लागलं. टेंकारा म्हणजे लांब, लवचीक जपानी गळकाठी. तिला रीळ नसतंच, दोरा थेट टोकाला बांधायचा. ऑफिसातला एक इंग्रज सहकारी डिसेंबरात इंग्लंडला आपल्या गावी जाणार होता. तिकडच्या नदीत भर थंडीत ग्रेलिंग नावाचा मासा लागतो. तो तळाशी घोळक्याने राहतो, म्हणून एकाच दोऱ्यावर आमिष म्हणून तीन खोट्या माश्या बांधायच्या, सगळ्यात जड ती शेवटी. "तूही चल," तो म्हणाला आणि मी विरघळलो. रविवारी सकाळी किनाऱ्यावर जाऊन, समोरच्या मलेशियातल्या जोहोरकडे तोंड करून मी नुसता दोरा फेकायचा सराव करायचो. बायको म्हणायची, "धरून सोडूनच द्यायचे, तर धरायचे कशाला?" त्यावर मी जोरात चिडायचो.

माश्या घरीच बांधायच्या होत्या. गळाभोवती मोरपिसाचे तंतू गुंडाळले की ग्रेलिंग हमखास येतो, असं सहकारी सांगायचा. मी मागवलेलं पिसांचं पाकीट काही येईना. देवघरातलं पीस मात्र रोज समोर. खालचे चार तंतू घेतले तर कुणाला कळणार? पहिल्या माश्या सैल सुटल्या आणि चाराचे चाळीस झाले. एक बाजू पार बोडकी झाली तेव्हा कुठे माझा हात थांबला. आईला दिसत नाही, याचा मी चक्क फायदा घेतला. आजही लिहिताना लाज वाटते.

मग डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला नोव्हेंबरची तारीख दिली. मी ती जानेवारीवर ढकलली. ऑफिसात फार काम आहे, असं आईला सांगितलं. खरी गोष्ट अशी की पट्टी निघाली की तिला पीस दिसणार होतं. तोवर तसंच दुसरं मिळवू, असा माझा बेत. बाबांनी गुंडाळलेला दोरा कुठून आणणार होतो, कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आई भिंत धरून चालत राहिली. एकदा चहा कपाबाहेर ओतला गेला आणि तिचं मनगट चांगलंच भाजलं. तरी मी तारीख अलीकडे आणली नाही.

डिसेंबरात मी त्या नदीत मांडीएवढ्या पाण्यात उभा होतो. बोटं बधिर. बऱ्याच वेळाने मधल्या माशीला ग्रेलिंग लागला, पाठीवरचा मोठा पर फुलवलेला. इतके महिने ज्याच्यासाठी झुरलो तो हातात होता आणि मला आईचं भाजलेलं मनगट आठवत होतं. मी मासा सोडून दिला. पुढच्या फेकीला शेवटची माशी तळातल्या ओंडक्यात अडकली, दोरा तुटला आणि तिन्ही गेल्या. सहकारी हसला. मला हसू आलं नाही.

जानेवारीत ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी आई देवघरासमोर बसली. मी स्वयंपाकघरात धुतलेलीच भांडी पुन्हा विसळत होतो.

"अरे, इकडे ये जरा."

पीस तिच्या मांडीवर होतं.

"आई, ते मी..."

"ठाऊक आहे मला. हाताला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, सांगेल आपणहून. मागितलं असतंस तर अख्खं दिलं असतं."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात तिने मनगटावरचा डाग नव्या नजरेने नीट पाहिला.

"ऑपरेशन यासाठीच पुढे ढकललंस?"

मी मान खाली घातली. तिने पीस माझ्या हातात दिलं आणि पदराच्या टोकाने देव पुसायला घेतले.