स्टार्ट घेईना

मोटार-स्टार्टर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक तांब्याच्या तारेचे तुकडे आणि दुसरे किस्से. तुकडे भंगारवाला उचलतो. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून आज तुम्हाला धरलंय. बसा, चहा सांगितलाय.

आमचं दुकान माजलगावात, मोंढ्याच्या रस्त्याला. मी स्टार्टर बघतो, उस्मानभाई पाण्याच्या मोटारींत जळालेली तार नव्यानं भरतात, म्हणजे वाइंडिंग करतात. शेजारी शिवलिंगअप्पांचं हार्डवेअर. बायको गेल्यापासून मी घरी फक्त झोपायला जातो, बाकी सगळं इथंच. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याचं म्हणणं, दिवाळी झाली की दुकान बंद करा आणि इकडे या. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

*

आमचा सगळा धंदा एका इंग्रजी शब्दावर चालतो. स्टार्ट! मशीन बिघडलं असं इथं कुणी म्हणत नाही, 'स्टार्ट घेईना' म्हणतात. भांडण स्टार्ट होतं, खोकला स्टार्ट होतो, सासू आली की सुनेची डोकेदुखी स्टार्ट होते.

पण सगळ्याच गोष्टी स्टार्ट होत नाहीत हं. बाजार भरतो, लग्न लागतं, आणि साखर कारखान्याची मोळी पडते. उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकली की हंगाम उघडला. मागच्या हंगामात मी अप्पांना सहज म्हणालो, "अप्पा, कारखाना स्टार्ट झाला."

अप्पांनी चष्मा वर केला. "मिस्त्री, कारखाना काय मोटारसायकल हाय का?"

*

अप्पांच्या भावकीत बोअर घेतलं. पहिल्यांदा मोटार चालू करायची म्हणून जंगम स्वामींना बोलावलं. स्वामींनी पंचांग बघून सकाळचा मुहूर्त काढला. नारळ, हळदकुंकू, स्टार्टरच्या पेटीला हार, सगळं तयार. मुहूर्ताला पाच मिनिटं राहिली आणि लाईट गेली.

तासभर सगळे खांबाकडे बघत बसले. शेवटी स्वामींनी पंचांग मिटलं. "शेतीची लाईट कवा येती? तोच मुहूर्त."

लाईट आली तेव्हा स्वामी जेवून आडवे झाले होते. आता उठवायचं कुणी? तेवढ्यात मोटार बसवायला माझ्याबरोबर आलेले उस्मानभाई म्हणाले, "बिस्मिल्ला करा, परत जाईल लाईट." सगळ्या भावकीनं एका सुरात बिस्मिल्ला म्हणून बटन दाबलं. पाणी पडल्याचा आवाज आला तसे स्वामी पडल्या पडल्याच बोलले, "घेतला ना स्टार्ट? मग बरूबर हाय."

असं काही झालं की घरी जाऊन बायकोला सांगायची सवय होती. ती हसायच्या आधी पदर तोंडाला लावायची. त्या दिवशी कुलूप काढेपर्यंत मी लक्षातच ठेवलं होतं, काय काय सांगायचं ते. आत गेल्यावर नुसताच बसलो.

*

दिवसाच्या पहिल्या विक्रीला आमच्याकडे भवानी म्हणतात. भवानी झाल्याशिवाय अप्पा चहा घेत नाहीत. आता मोठमोठी दुकानं झाली, अप्पांकडे सकाळी कोण येतंय? दुपारपर्यंत बिनचहाचे बसायचे. मला काही ते बघवेना. म्हणून रोज दुकान उघडलं की मी त्यांच्याकडून एखादा नटबोल्ट घेऊन यायला लागलो. दुकानात नटबोल्टांचा डबा भरला, दुसरा लावला.

उन्हाळ्यात अप्पांचा टेबलफॅन माझ्याकडे सारखा दुरुस्तीला यायला लागला. उघडून बघावं तर काहीच नाही, गरागरा फिरतोय. मी उस्मानभाईंना म्हणालो, "अप्पांचं वय झालं. चांगला फॅन पाठवतेत."

उस्मानभाई वाइंडिंग करता करता मान वर न करता म्हणाले, "ते इचारत होते मला, मिस्त्रीला रोज नटबोल्ट कशाला लागतेत, वय झालं का त्याचं म्हणून."

*

मुलाकडे पुण्याला आठवडाभर जाऊन आलो. "बाबा, बघा तर. फ्रेश स्टार्ट करा," तो म्हणायचा. घर चांगलं, सून चांगली, काही म्हणता काही कमी नाही. पण तिथं सगळं आपोआप स्टार्ट होतं. जिन्यात पाय ठेवला की दिवा लागतो. टाकी रिकामी झाली की मोटार आपली आपण सुरू. दोघं सकाळी कामाला गेले की मी आणि फ्रीज, दोघंच घरी. फ्रीज सुरू झाला की बरं वाटायचं.

मग मी खाली पंपाची खोली शोधून काढली. वॉचमन परभणीकडचा निघाला, मला आत बसू द्यायचा. मोटारीचा आवाज ऐकत आम्ही गप्पा मारायचो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा मोबाईल घेऊन आला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी कॅमेऱ्यातला माझा फोटो टाकला होता, 'पंप रूममध्ये संशयित व्यक्ती, सर्वांनी काळजी घ्यावी.' खाली सगळ्यांचे अंगठे.

"बाबा," मुलगा म्हणाला, "तुम्ही निदान कॅमेऱ्याकडे बघून हसू नका."

*

आता ज्ञानोबातात्यांचं ऐका. तात्या धरणाच्या खालच्या अंगाला शेतात एकटेच राहतात. बायको वारली, लेकी नांदायला गेल्या. त्यांच्या विहिरीवर मोबाईलचा स्टार्टर आहे. पेटीत सिमकार्ड असतं, ज्याचा नंबर पेटीत टाकलाय त्यानं कुठूनही फोन लावला की रेकॉर्ड केलेली बाई बोलते आणि आकडा दाबला की मोटार चालू होते.

परवा तात्या ती पेटी खांद्यावर घेऊन आले. "मिस्त्री, बाई बोलंना झाली."

बघितलं तर सिमचा रिचार्ज संपलेला. पण मला वेगळीच शंका आली. "तात्या, तुमची मोटार तर महिना झाला आमच्याकडं वाइंडिंगला पडलीय. विहिरीवर मोटारच नाही, मग फोन कशाला लावता?"

"ती नमस्कार म्हणती," तात्या म्हणाले. "मोटार बंद हाय म्हणती. लाईट हाय का न्हाई ते सांगती."

उस्मानभाईंनी हातातली पक्कड खाली ठेवली. मी रिचार्ज मारला आणि पेटी चालू करून दिली. तात्यांनी तिथंच फोन लावून खात्री केली. मग बोलता बोलता मी त्यांना मुलाचं सांगितलं, दिवाळीनंतर जावं लागेल असं दिसतंय म्हणून.

तात्यांनी पेटीवरून हात फिरवला. "मोटार झाली का भरून?"

"झाली."

"मग उद्याच नेऊन बसवतो. तुमचा बी नंबर टाका या पेटीत."

"माझा कशाला?"

"पुण्याहून स्टार्ट करायला."

"अहो तात्या, मी सरळ तुम्हालाच फोन करीन की."

"फोनवर काय बोलायचं, मिस्त्री? जेवलात का, जेवलो. झालं." तात्यांनी पेटी उचलून खांद्यावर घेतली. "तुमी आपली मोटार चालू करत जा. पाटात पाणी आलं की मला कळंल."