बिबड्यांना कोणी बोलावतं का

जळगावात नळाला पाणी दिवसाआड येतं, सल्ला मात्र रोज येतो. नवऱ्याची बदली झाली म्हणून दसऱ्याला आम्ही धुळ्याहून इथे आलो, तर टेम्पोतून सामान उतरायच्या आत समोरच्या अक्का ओट्यावरून सुरू झाल्या. पश्चिमेच्या भिंतीला पलंग लावू नको, उन्हाळ्यात भाजून निघशील. भरिताला हे जांभळं वांगं कशाला आणलंस? आमच्याकडे हिरवं लागतं. धुळ्यात काय खात होतात गं तुम्ही? प्रत्येक सल्ल्याच्या मागे धुळ्याला एक टोमणा ठरलेला. मी वरून हसायचे आणि आतून जळायचे. पण खोटं कशाला बोलू, ऐकायचेही. नव्या गावात आपलं हसं होईल याची मला भारी धास्ती.

दिवाळीनंतर सासूबाई आल्या. नरडाण्याजवळच्या खेड्यात एकट्या राहायच्या. एका डोळ्याने दिसेनासं झालेलं, त्यात न्हाणीत घसरून पडल्या आणि संध्याकाळपर्यंत कोणाला कळलंच नाही. नवरा जाऊन घेऊनच आला. त्यांनी येतानाच बजावलं होतं, उन्हाळ्यापर्यंत राहून बघते, नाही करमलं तर परत. आणि परत म्हणजे पुन्हा तेच रिकामं घर, तीच न्हाणी. दिवसभर खिडकीशी बसायच्या आणि म्हणायच्या, "मी आठे कोनासंगे बोलू?" इथे बोलायला कोण आहे, हेच रोज. मला वेळ नव्हता. नवऱ्याला तर नव्हताच.

एप्रिल लागला तशी गल्लीत बिबड्यांची गडबड सुरू झाली. बिबडी म्हणजे आमच्या खानदेशातला ज्वारीचा पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाळवून दळायची, तीळ-लसूण-जिरं घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि गरम गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापायची. पीठ गार झालं की संपलं. म्हणून हे एकटीचं कामच नाही, पाच-सहा बायका लागतात. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. मी जन्मात केल्या नव्हत्या. धुळ्यात आमच्याकडे दरवर्षी सासूबाईंचा डबा भरून यायचा.

पहिल्या दिवशी पहाटे शेजारच्या गच्चीवरून पिठाचा आंबूस वास आला. उठून बघते तर सासूबाई ओलं फडकं काखेत मारून, भिंत चाचपत फाटकापर्यंत पोचलेल्या.

"कुठे निघालात?"

"त्या बिबड्या करतस ना."

"आपल्याला बोलावलंय का?"

त्या हसल्या. "बिबड्यास्ले कोनी बलावस का?"

पण मी शहाणी! आदल्याच दिवशी अक्कांना विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "बोलावल्याशिवाय कोणाकडे जाऊ नको हं. शहर आहे हे, लोक नावं ठेवतात." मी सासूबाईंचा दंड धरला आणि फाटकातच म्हणाले, "हे तुमचं खेडं नाही. चारचौघींत माझी लाज काढता का?" त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन बसल्या. नंतर एकामागोमाग पाच घरच्या बिबड्या झाल्या. पाचही पहाटे त्या जाग्या होत्या, कारण मीही जागी होते. कोणी बोलावलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एवढा कसला माज या बायकांना?

मग आमची पाळी. ज्वारी सासूबाईंनीच भिजवली, हाताने चाचपून निवडली. सहा महिन्यांत बोलल्या नसतील तेवढ्या त्या तीन-चार दिवसांत बोलल्या. मी आदल्या संध्याकाळी, सासूबाईंना न सांगताच, हळदीकुंकवाचं बोलावणं करावं तशी साडी बदलून दारोदार फिरले. एकीने नुसती मान हलवली, एकीने पाणीसुद्धा विचारलं नाही. चौथ्या घरची तर तोंडावर म्हणाली, "आम्ही काय रोजाने जातो का, बोलवायला आलीस ते?" बोलवा तरी यांचं तोंड वाकडंच, म्हणत मी घरी आले.

पहाटे गच्चीवर पीठ रटरटत होतं. सासूबाईंनी सहा फडकी ओली करून ओळीने अंथरली होती. खाली फाटक वाजलं की त्यांची मान वळायची, "कोनी उनी का?" आली का कोणी, म्हणून. दूधवाला येऊन गेला, पेपरवाला येऊन गेला. "येतीन, बठ्ठ्या येतीन," सगळ्या येतील, असं त्या म्हणत राहिल्या. ऊन चढलं. आम्ही दोघींनी थापल्या तेवढ्या थापल्या, जाड, वेड्यावाकड्या. बाकीचं पीठ पातेल्यात घट्ट बसलं आणि चार फडकी तशीच वाळून गेली.

त्यांनी कोणाला बोल लावला नाही. संध्याकाळी पिशवी भरली आणि मुलाला म्हणाल्या, "माले गावले धाडी दे." तो हातापाया पडला, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना एसटीत बसवलं.

स्टँडवरून आले ती सरळ गल्लीत उभी राहून तोंडाचा पट्टा सोडला. सगळ्या बाहेर आल्या. तेव्हा कुठे कळलं की इथे बिबड्यांना बोलावत नाहीत. धूर दिसला की आपणहून जायचं. बोलवायला जाणं म्हणजे त्या बाईला मजूर समजणं. मी पाच घरी फिरकले नाही आणि वर बोलवायला गेले. धुळ्याची मिजास, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मी अक्कांकडे वळले. "मग मला खोटं का सांगितलंत?"

त्यांनी पदरही सावरला नाही. "तुम्ही राहता त्या घरात माझी बहीण भाड्याने येणार होती. तुम्ही आडवे आलात. सांगितलं मी खोटं." आणि वर म्हणाल्या, "पण तू ऐकलंस कशाला? घरात जन्मभर बिबड्या केलेली म्हातारी होती ना? तिला नाही विचारलंस?"

विचारायचीसुद्धा गरज नव्हती. तिने न विचारता सांगितलं होतं, फाटकात उभं राहून.

पावसाळ्यात सासूबाई पुन्हा न्हाणीत पडल्या. या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी त्यांना आणायला गेले, खाटेशी बसून म्हणाले, चला आता आपल्या घरी. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आते बलावाले उनी का?"