बोथट पातं

टिपेनेचा हात फार चालतो, असं न्यूझीलंडजवळच्या पिट बेटावर सगळेच म्हणत. रागाला आला की आधी हात, मग तोंड. खडकाला चिकटलेले पावा मात्र तो झोपलेलं मूल उचलावं तसे अलगद सोडवायचा. पावा म्हणजे बशीएवढी शिंप. तिला जरा कापलं तरी रक्त थांबत नाही, वाहून वाहून मरते बिचारी. म्हणून तिथले पाणबुडे धार नसलेलं पातं घेऊनच उतरतात.

त्या दिवशी तो आणि धाकटी बहीण पारे पाठीला सिलिंडर बांधून केल्पच्या, म्हणजे झाडांएवढ्या उंच समुद्री शेवाळाच्या, रानात उतरले. पाणी हाडं गोठवणारं. थोरला भाऊ मातीउ बोटीवर. खाली माणूस असताना बोटीवरून रक्ताचा थेंब टाकायचा नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मातीउ वाईट नव्हता, पण भुकेपुढे त्याची अक्कल गहाण पडायची. त्याने गळाला लागलेला कॉड मासा साफ केला आणि घाण दिली भिरकावून.

केल्पच्या पानांतून माशाचं आतडं खाली येताना टिपेनेला दिसलं. तो पारेकडे वळला तोवर शार्कने तिला खांद्यात धरलं होतं आणि कुत्रं चिंधी झटकतं तसं झटकत होता. त्या खोलीवर रक्त हिरवं दिसतं. टिपेनेने पातं त्याच्या डोळ्यात खुपसलं, पण धार कुठली? ते घसरलं. मग त्याने ते कल्ल्यात घातलं आणि सगळा जीव एकवटून पिळलं. जबडा सुटला. पारेचा हात आतच राहिला.

तो तिला ओढत बोटीवर आला, तर फळीवर अर्धा सोललेला मासा पडला होता.

"काय टाकलंस पाण्यात?"

"टिपे, आधी तिच्याकडे बघ."

"काय टाकलंस?"

पहिल्याच ठोशाला मातीउचं नाक फुटलं. तो खाली पडला तरी टिपेने मारत राहिला.

"भांडणं मग करा रे," पारे पुटपुटली. "मला थंडी वाजतेय."

टिपेनेला ते ऐकू आलं. तरी त्याने आणखी मारलंच.

मातीउचे डोळे सुजून मिटले होते. खडकांमधून बोट काढणं त्याला शक्य नव्हतं. सुकाणू टिपेनेने धरलं, आणि मातीउ चाचपडत जाऊन बहिणीच्या जखमेत मूठ दाबून बसला.

"नीट दाब, दादा."

"दाबतोय. तू पुढे बघ."

धक्क्यावर नर्स धावत आली. तिने पारेच्या मानेला बोटं लावली आणि बराच वेळ काढली नाहीत.

"आत्ताच गेली," ती म्हणाली. "थोडं आधी आणायचं ना रे. एवढा उशीर कशाने झाला?"

टिपेनेने तोंड उघडलं, पण त्याआधी मातीउच फुटलेल्या ओठांनी बोलला.

"इंजिन सुरूच होत नव्हतं."

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं होतं. त्यानंतर टिपेनेने कुणावर हात उगारला नाही. कुणी डिवचलं तर तो खिशात हात घालून उभा राहतो, आणि मातीउ त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो.