दहा ते पाचची हरळी

आईला सरकारी काम मिळालं, आणि तेही गवत लावायचं. ती घरी आली, पदरानं तोंड पुसलं आणि हसतच सुटली. "ज्या हरळीले आजवर उपटू उपटू धुऱ्यावर फेकलं, तिलेच आता लावाची हाये म्हनते! अन् वरून पानी पाजाचं!" आईचे पावसाळे लोकांच्या कपाशीतलं तण निंदण्यात गेले होते आणि हिवाळे जिनिंगमध्ये कापूस साफ करण्यात. लॉन म्हणजे शेवटी हरळीच, हे कळल्यावर तिला हसावं की रडावं ते कळेना. तिनं हसायचं ठरवलं.

कपाशीची ती वाईट वर्षं होती. गावातलं जिनिंग दोन हंगाम बंद पडलं होतं. पुसद रस्त्यावरच्या विश्रामगृहात मात्र कधी नव्हे इतकी वर्दळ होती. कपाशीचं नेमकं काय बिघडलं ते पाहायला मुंबईहून, दिल्लीहून पथकं यायची, आणि संध्याकाळी त्यांना बाहेर खुर्च्या टाकून बसायला हिरवळ पाहिजे, असं कुणा साहेबाच्या मनात आलं. आज मला त्याची चीड येते. तेव्हा आली नाही. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि आईला काम लागलं एवढ्यावरच मला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

काम दोन महिन्यांचं, रोजंदारीवर. मे महिन्याच्या अखेरीस मोठे साहेब पाहणीला येणार होते. तोवर हिरवळ धरली, तर आईला बारमाही ठेवणार. नाही धरली, तर घरी. आईला जन्मात बारमाही काम मिळालं नव्हतं. माझ्या अकरावीचा विषयही आमच्या घरात कुणी काढत नव्हतं, कारण त्याचं उत्तर त्या गवताकडेच होतं.

आईनं नदीकाठची चांगली हरळी आणून ओळीनं टोचली. मग मुकादम आले. हजेरीचं मस्टर त्यांच्या काखेत कायमचं चिकटलेलं असायचं. "सरकारी काम हाये बाई," ते म्हणाले. "दहाच्या आंधी नाही, पाचच्या नंतर नाही. साहेब लोक दुपारी येतेत. त्यायले पाइप चालू दिसला पाह्यजे."

झालं! एप्रिलच्या उन्हात आई भर बारा वाजता हरळीला पाणी देऊ लागली. काळा पाइप सकाळपासून उन्हात पडलेला असायचा, त्यातलं पहिलं पाणी हाताला चटका देई. जमिनीवर पडलेलं पाणी बघता बघता उडून जाई आणि वर भेगा तशाच. पंधरा दिवसांत हरळीचे शेंडे पिवळे पडले. जे गवत शेतात मारून मरत नाही, ते इथं लाड करून मरायला लागलं होतं! मी डबा घेऊन गेले की ते बघून माझं डोकं फिरायचं.

विज्ञानाच्या पेपरात मी बाष्पीभवनावर पानभर लिहून आले होते. ते सगळं मी त्या रात्री जेवताना आईला ऐकवलं. आई शांतपणे म्हणाली, "तुह्या पुस्तकात आत्ता आलं काय ते? भर उन्हात रोपाले पानी कोनी देते काय? पन मस्टर दहाले उघडते ना वं."

मी म्हटलं, आपण प्रयोग करू. आई नको नको म्हणत राहिली, पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. विश्रामगृहाच्या मागच्या बाजूला, साहेबांची नजर जात नाही तिथं, मी विटा लावून हरळीचे तीन चौकोन आखले. एकाला पहाटे पाणी, एकाला दुपारी, एकाला संध्याकाळी. पाणी सारखंच, मोजून चार बादल्या. मागच्या खोलीत राहणारे खानसामा चाचा पहाटेच्या नमाजाला उठायचे. त्यांनी मागचं फाटक उघडून द्यायचं कबूल केलं. संध्याकाळच्या चार बादल्याही तेच टाकणार होते. "मगर बेटी," ते म्हणाले, "मुकादमले मी काही सांगनार नाही, अन् त्यानं इचारलं तर खोटंही बोलनार नाही."

आम्ही दोघी साडेचारला निघायचो. विहाराजवळून वळलं की रस्त्यावर फक्त आम्ही आणि आमच्या बादल्यांच्या कड्यांचा आवाज. वारा पडलेला, माती थंड. चार बादल्या ओतल्या की पाणी सरळ खाली जाई, वर एक थेंब वाया जात नसे. मी दर दोन मिनिटांनी मातीत बोट घालून बघायची आणि आई म्हणायची, "उकरू नको, तिले झोपू दे."

संध्याकाळच्या चौकोनाची तर तिसऱ्याच दिवशी वाट लागली. आमच्याकडे उन्हाळ्यात ओल्या मातीवर पहिला हक्क कुत्र्यांचा. त्यांनी रात्रभर उकरून उकरून तिथं ऐसपैस खड्डे केले. पाचव्या दिवशी कुणा साहेबाच्या ड्रायव्हरनं गार जागा पाहून तिथंच सतरंजी टाकली आणि सकाळपर्यंत घोरला. दुपारचा चौकोन वाळक्या चाऱ्यासारखा झाला. आणि पहाटेचा? आठव्या दिवशी मी कंदील खाली धरला आणि किंचाळलेच. जमिनीवर पसरत चाललेली कोवळी, पोपटी टोकं! एक तर विटेवरून पलीकडे निघाली होती. मी नाचले. चाचा काय झालं म्हणून अनवाणी धावत आले. आईनं मला दटावलं, पण तिचे हात त्या टोकांवरून पुन्हा पुन्हा फिरत होते.

त्या दिवसापासून अख्ख्या लॉनला पहाटेचं पाणी सुरू झालं. पहाटे टाकी भरलेली असे, पाइपही जोरात चाले. गवत भराभर धरू लागलं आणि नवीनच भानगड उभी राहिली. आता दुपारी आईला कामच नव्हतं! कुंपण छाटून, पालापाचोळा वेचून झाला की ती लिंबाखाली बसायची. मुकादमांनी ते पाहिलं. "बसून राह्यली तं हजेरी नाही लागनार, बाई. पाइप कुठी हाये?"

पहाटेचं सांगावं, तर नियम मोडल्याबद्दल तिथंच काढतील. मग मीच युक्ती काढली. पाइपाचं नळाला लावायचं तोंड मेंदीच्या कुंपणात खुपसून ठेवायचं, आणि कोरडा पाइप हातात धरून लॉनवर फिरायचं. आईला ते मुळीच पटलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. तेव्हापासून माझी आई भर उन्हात, गंभीर चेहऱ्यानं, गवताला काहीही पाजत नसलेला पाइप घेऊन फिरू लागली. लांबून मुकादम मान डोलवायचे. मी कुंपणाआड तोंडात ओढणी कोंबून हसायची.

मोठे साहेब आले ते दुपारी एक वाजता. मी डबा घेऊन आले होते आणि नेहमीसारखी कुंपणाआड होते. कुठल्या तरी रस्त्याचं काम बघून आले होते, बूट धुळीनं पांढरे झालेले. हिरवळ पाहून ते थबकलेच. इतकं हिरवं त्यांना येताना वाटेत कुठं दिसलंच नसणार. मुकादमांची छाती फुगली. "आपल्याच देखरेखीत साहेब, रोज दुपारी पानी!"

"वा," साहेब म्हणाले आणि पाऊल पुढं केलं. "बाई, जरा पाइप इकडं धरा. बूट फार भरलेत."

आई जागच्या जागी थिजली. तिनं पाइपाकडं पाहिलं, साहेबांच्या बुटाकडं पाहिलं. मुकादम "आत्ता चालू होतं साहेब" म्हणत नळाकडं धावले आणि पाइपाचं मोकळं तोंड कुंपणातून ओढून तसंच हातात धरून उभे राहिले. युक्ती माझी होती आणि काम आईचं जाणार होतं.

मी कुंपणातून बाहेर आले आणि बोलतच सुटले. बाष्पीभवन, तीन चौकोन, चार बादल्या, कुत्री, ड्रायव्हरची सतरंजी, सगळं एका दमात. आईनं माझी वेणी मागून ओढली तेव्हा कुठं थांबले.

"पोरीचं नाही, माहंच काम हाये साहेब," आई म्हणाली. "पाइप खोटा हाये. गवत खरं हाये. हात घालून पाहा."

साहेब खाली बसले. भर एकच्या उन्हात त्यांनी हरळी बाजूला सारून मातीत दोन बोटं घातली. बोटं बाहेर आली तेव्हा त्यांना ओली काळी माती लागली होती. त्यांनी ती चिमटीत चोळून पाहिली.

"किती वाजता टाकता?"

"पाचच्या आंधी."

"आणि ड्यूटी दहाची?"

साहेबांनी मस्टर मागितलं, आईच्या नावापुढं बारमाही लिहिलं, वेळ खोडली आणि पाच ते बारा केली. मुकादमांनी घाबरत विचारलं, "साहेब, पाच वाजता हजेरी कोन घेनार?"

"तुम्ही," साहेब म्हणाले आणि तसेच धुळीचे बूट घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी सवयीनं मी साडेचारच्या आधी उठले आणि वेणी घालायला लागले. आई तयार होऊन उंबऱ्यात उभी होती. "तू झोप," ती म्हणाली. "आता चोरून जाचं नाही. मी पुढच्या फाटकातून जातो."

आईचं काम पक्कं व्हावं, लपवाछपवी संपावी, इतके दिवस मी हेच तर मागत होते. पण ते मिळालं आणि मला एकदम रडू आलं. त्या पहाटा आम्हा दोघींच्या होत्या, आणि त्या संपल्या हे मला सहन होईना. "मी येऊ ना?" मी म्हटलं.

"कायले?" आई हसली. "तिथं आता माही हजेरी लागते. तुही लागन ते पुसदले, कालेजात."