गुणी मुलीचा कप

"तू नाही हं, डार्लिंग. तुम्ही इंडियन लोक वेगळे. तुमचा कधी आवाज नसतो."

टेनिस क्लबच्या अध्यक्षबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून हे म्हणाल्या. त्याआधी कुंपणाला टेकून त्या दुसऱ्या एका आईला सांगत होत्या, या चिनी पोरींना लहानपणापासून फसवायलाच शिकवतात. समोर कोर्टवर जिंग सर्व्हिस करत होती. तिला ऐकू गेलंच असणार. तिने तीनदा बॉल आपटला आणि सर्व्हिस मारली. एस. समोरचीला बॉल शिवताही आला नाही.

मी हसले. हे लिहून ठेवते. मी हसले, आणि मला बरंही वाटलं.

पंधरा वर्षांची होते. आम्ही सिडनीच्या टोकाला स्कोफिल्ड्सला राहायचो, बाबा आयटीत. दर शनिवारी ते मला पाऊण तास गाडी चालवून शहराच्या श्रीमंत भागातल्या त्या क्लबला न्यायचे. जिंग माझ्याच वयाची. आईबाप चीनमध्ये, ही इथे अनोळखी कुटुंबाकडे होमस्टेला. ट्रेनने एकटी यायची, पाठीवर तिच्याएवढी बॅग. मॅच संपली की बाकीच्या पोरी कँटीनपाशी घोळका करायच्या. ही डब्यातला गार भात उभ्यानेच खायची आणि भिंतीवर बॉल मारत राहायची. तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मीही नाही. माझ्याशी तरी कोण बोलायचं? पण मला वाटायचं, मी तिच्यापेक्षा एक पायरी वर आहे.

तिथल्या ज्युनियर मॅचना अंपायर नसायचा. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. शंका असेल तर पॉइंट समोरच्याचा. बाबांचा नियम त्याच्याही पुढचा. "दोन बोटं बाहेर असला तरी इन म्हण. आपल्याबद्दल बोलायला जागा ठेवायची नाही." मी दोन बोटं दिली. चार बोटं दिली. जिंकत आलेल्या मॅचेस दिल्या. त्याबद्दल मला दोन वर्षं लागोपाठ खिलाडूवृत्तीचा कप मिळाला. टीव्हीशेजारी ठेवलेला. घरी येईल त्याला बाबा दाखवायचे.

जिंगला तो कप मिळणं शक्यच नव्हतं. बाहेरचा बॉल ती बाहेरच म्हणायची. हात वर, बोट ताठ, एक शब्द. आत पडला तर स्वतःचा सेट जात असतानाही आत म्हणायची. ते कुणी मोजलं नाही.

त्या वर्षी क्लबची ज्युनियर स्पर्धा जिंकणारीला जानेवारीतल्या बायकांच्या एका मोठ्या स्पर्धेत पात्रता फेरीची जागा मिळणार होती. जिंगला रँकिंग नव्हतं, वर जायला दुसरा रस्ता नव्हता. फायनल अध्यक्षबाईंच्या मुलीशी. मी आधीच हरलेली, जिंगच्या टोकाला, बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या, अगदी सरळ रेषेत कुंपणाशी बसले होते. जिंगचा मॅच पॉइंट. त्या मुलीचा फोरहँड लांब गेला. चांगला वीतभर. जिंगचं बोट वर. "आउट."

मुलीने रॅकेट फेकली. अर्ध्या तासात जिंगवर तक्रार: मुद्दाम खोटा कॉल दिला. मला ऑफिसात बोलावलं. त्या टोकाला मी एकटीच होते ना, आणि गुणीही होते. रेफ्री म्हणाला, नो प्रेशर मेट, जे दिसलं ते सांग. अध्यक्षबाई माझ्याकडे बघून हसल्या. जिंग दाराशी उभी, बॅग पाठीवरच. बाबा हळूच मराठीत म्हणाले, "नीट दिसलं नाही म्हण. आपल्याला काय करायचंय?"

"नीट दिसलं नाही," मी म्हणाले.

बॉल आत होता, असंही म्हणाले नाही. तेवढीसुद्धा हिंमत नव्हती. जिंगच्या बाजूने बोलायला दुसरं कुणीच नव्हतं. जिंगला बाद ठरवलं. मॅच गेली. जागा गेली. तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. तेच लागलं.

पुढच्या शनिवारी बक्षीससमारंभ. सॉसेजचा धूर, प्लास्टिकच्या खुर्च्या. मोठं मन दाखवून जिंगला उपविजेतीच्या पदकासाठी बोलावलेलं. ती आली होती. सगळ्यात मागे. मग तिसऱ्यांदा माझं नाव. अध्यक्षबाई माइकवर म्हणाल्या, या घरातून कधी एक तक्रार नाही, अशी माणसं हवीत आपल्याला. टाळ्या. बाबा मोबाइल वर धरून शूटिंग करत होते.

कप हातात आला आणि कळलं हा कशाचा आहे ते. गप्प बसल्याचा. कुत्र्याला पट्टा घालतात, तसा मला कप.

मी माइक ओढून घेतला. "बॉल बाहेर होता. मी पाहिला. मी खोटं बोलले." कप टेबलावर ठेवला आणि खाली उतरले.

निकाल बदलला नाही. क्लबने आमची मेंबरशिप पुढे चालू ठेवली नाही. ओळखीतले, जवळच गिरावीनला राहणारे एक मराठी काका बाबांना म्हणाले, चिनी पोरीपायी स्वतःच्या पोरीचं वाटोळं केलंत. बाबांनी मान डोलावली.

आणि जिंग? पार्किंगमध्ये मी तिच्यामागे धावले. ती थांबली. तुटक इंग्लिशमध्ये एवढंच म्हणाली, "मागच्या शनिवारीही तुला दिसलं होतं." आणि स्टेशनकडे चालू लागली.

सहा वर्षं झाली. जिंग आता छोट्या-छोट्या स्पर्धा खेळते. रिकामे स्टँड, पात्रता फेरी, हार, पुढचं गाव. त्या एका जागेने जे मिळालं असतं, त्याच्यामागे ती अजून धावते आहे. मी फोनवर तिचा स्कोअर हलताना बघते. तिने मला माफ केलेलं नाही. करूही नये.

युनिव्हर्सिटीच्या अभ्यासातून वेळ काढून शनिवारी मी ज्युनियर कोर्टांबाहेर पत्रकं वाटते. प्रत्येक मॅचला लाइन बघायला बाहेरचा माणूस ठेवा, एवढीच मागणी. लोक नो वरीज म्हणतात आणि पत्रक कचऱ्यात टाकतात. आपले मराठी आईबाप तर मला बघून लांबूनच वळतात. आत त्यांच्या पोरी दोन-दोन बोटं देत असतात. कुंपणाशी मी एकटी.

असू दे एकटी. "नीट दिसलं नाही" हे वाक्य मी तोंडातून उपटून टाकलंय. मला नीट दिसतं. आणि जे दिसेल ते मी त्याच शनिवारी बोलणार.